बॉनेट उघडत नाही

भाषा इंग्रजांची घेतली आणि इंटरनेट अमेरिकनांचं घेतलं की आपल्यासारख्यांची कशी पंचाईत होते बघा. 'बॉनेट अडकलं' म्हणून शोधायला जावं, तर निम्मी पानं जुन्या काळच्या मडमांच्या टोप्यांची निघतात. बॉनेट हा शब्द मूळचा टोपीचाच. अमेरिकन माणूस त्याला 'हूड' म्हणतो, म्हणून 'हूड अडकलं' असं शोधावं, तर ब्रिटिश स्पोर्ट्सकारवाली मंडळी हूड म्हणजे गाडीचं कापडी छप्पर समजतात आणि ते कसं घडी घालावं हे प्रेमाने समजावून सांगतात. आपण कोल्हापूरकर या बाबतीत पक्के ब्रिटिश. पुढे बॉनेट, मागे डिकी, आणि हूड म्हणजे जीपवरची ताडपत्री. विषय संपला.

तर आज या बॉनेटबद्दल. नेमकं सांगायचं तर बॉनेटच्या खिट्टीबद्दल, आणि ती उघडणाऱ्या वायरबद्दल. हा काय लिहायचा विषय आहे का, असं वाटेल. पण थांबा थोडं. मला तर या एका वायरीत मोटारगाडीचा शंभर वर्षांचा इतिहास दिसायला लागलाय.

टोपीवाल्या मडमा हनुवटीखाली फीत बांधायच्या ना, जुन्या गाड्यांच्या बॉनेटचंही तसंच होतं. १९२०-३०च्या काळातल्या गाड्यांचं बॉनेट आपल्या कौलारू घराच्या छपरासारखं असायचं. मधोमध लांबच्या लांब बिजागरी, दोन्हीकडे दोन पाखी. डावीकडचं काम असेल तर डावी पाख उचला, उजवीकडचं असेल तर उजवी. खाली दोन्ही बाजूंना बाहेरूनच स्प्रिंगच्या खिट्ट्या. शर्यतीच्या गाड्यांना हादऱ्याने खिट्ट्या सुटू नयेत म्हणून वरून चामड्याचा रुंद पट्टा आवळायचे, आपल्या कंबरपट्ट्यासारखा, बक्कल लावून. जुन्या बेंटलींच्या फोटोत तो पट्टा दिसतो आणि काही हौशी लोक आजही नुसता शोभेसाठी लावतात. दुसरं महायुद्ध संपल्यावर आलेली एमजी टीसी (१९४५ ते ४९) याच दुपाखी पद्धतीची होती.

कोल्हापूरकरांना असलं लांबलचक बॉनेट बघायला परदेशात जावं लागत नाही. शाही दसऱ्याला दसरा चौकात राजघराण्याची जुनी मेबॅक येते. ती जर्मन, स्पोर्ट्सकार तर अजिबातच नाही, पण लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून बघताना मला प्रश्न पडायचा की गाडीत माणसांना जागा जास्त आहे की इंजिनाला. सोनं लुटायला सगळे धावायचे आणि मी त्या नाकाकडे बघत राहायचो. असो.

मुद्दा असा की खिट्टी बाहेर होती. कुणीही यावं, उघडावं. आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण बॉनेट उघडणं हे रोजचं काम होतं. निघण्याआधी तेल बघा, पाणी बघा, वाटेत प्लग साफ करा. गाडी ठेवणारा माणूस (किंवा त्याचा ड्रायव्हर) इंजिनाला तोंडओळखीने नाही, चांगला नावानिशी ओळखायचा. इंग्लंडमध्ये तर १९४० साली जर्मन उतरतील या धास्तीने सरकारने हुकूम काढला की उभी केलेली गाडी चालू होणार नाही अशी करून ठेवा. मग लोक बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढायचे आणि खिशात घालून जायचे. आज आपल्यापैकी किती जणांना आपल्या गाडीचं बॉनेट उघडायचा लिव्हर कुठे आहे हे न शोधता सांगता येईल? हात वर करा. नाही, वायपरचा वेगळा. :)

पुढे गाड्यांचा आकार बदलला. मडगार्ड, दिवे, जाळी हे सगळं एकजीव व्हायला लागलं आणि दुपाखी छप्पर जाऊन एकच मोठं झाकण आलं, काचेपाशी बिजागरी आणि पुढून उघडणारं. मगरीने जबडा वासावा तसं, म्हणून त्याला नावच पडलं ॲलिगेटर. आता खिट्टी गेली पुढे, नाकाच्या शेंड्याशी. आणि तिची मूठ हळूहळू गेली आत, डॅशबोर्डखाली. कारण सरळ आहे. शहरं वाढली, गाड्या रात्रभर रस्त्यावर उभ्या राहायला लागल्या, बॅटऱ्या चोरीला जायला लागल्या. मूठ आत ठेवली की दाराला कुलूप लावलं म्हणजे इंजिनालाही आपोआप कुलूप. सोय झाली. पण मूठ आणि खिट्टी यांच्यात चार-पाच फुटांचं अंतर पडलं, आणि ते सरळ रेषेतलं नव्हतं. मधे पाय, पत्रा, बॅटरी, रेडिएटर. एवढी वळणं घेत ओढ पोचवायची कशी?

इथे सायकल मदतीला आली.

तुम्ही सायकलचा किंवा स्कूटरचा ब्रेक दाबता तेव्हा नेमकं काय होतं, याचा विचार मी इंजिनिअरिंगची चार वर्षं काढूनही कधी केला नव्हता. नुसती तार वाकडी नेली आणि ओढली तर ती सरळ व्हायला बघते. म्हणून विहिरीवर जसा रहाट लागतो तशी प्रत्येक वळणावर एक कप्पी लागेल. पण तीच तार एका नळीत घातली, आणि ती नळी कडक तारेच्या घट्ट वेटोळ्यांची असली, दोन्ही टोकांना पक्की धरलेली असली, तर? वेटोळ्यांची नळी वाकते पण दबत नाही. आतली तार जितक्या जोराने ओढाल तितक्याच जोराने बाहेरची नळी उलट दाबून धरते. हिशेब बरोबर सुटतो. कप्पी नको, काही नको. आत इनर, बाहेर आउटर. एवढीच युक्ती, आणि ती अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन या माणसाने १८९६ साली पेटंट केली. 'बाउडन केबल' ती हीच. आपल्याकडे तिला नुसतं 'वायर' म्हणतात: क्लच वायर, ब्रेक वायर, ॲक्सिलेटर वायर.

गंमत म्हणजे बाउडन दोन होते. दुसरा फ्रँक बाउडन, रॅले सायकल कंपनीचा मालक. अर्नेस्टचं पेटंट चालवायला जी मंडळी एकत्र आली त्यांत हा फ्रँकही होता आणि त्याची कंपनी तो ब्रेक विकायचीसुद्धा. त्यामुळे बरेच लोक शोधाचं श्रेय यालाच देऊन टाकतात. आडनाव सारखं, धंदा सारखा, आणि नाव मोठं दुसऱ्याचं. आमच्या क्षेत्रात काय वेगळं चालतं म्हणा.

मग ही वायर सायकलवरून मोटरसायकलवर गेली, तिथून मोटारीत. आपल्या पिढीला ती ओळखीची आहे ती लुना आणि चेतकमुळे. चेतकचे तर गिअरसुद्धा दोन वायरींवर बदलायचे. डिकीत एक क्लच वायर जास्तीची ठेवणं हा तेव्हाच्या स्कूटरवाल्यांचा कुळाचार होता.

आणि सायकलींचा विषय निघालाच आहे तर विल्यम मॉरिसला विसरून कसं चालेल? ऑक्सफर्डमध्ये १८९०च्या दशकात सायकली दुरुस्त करणारा हा पोरगा पुढे मोटारींचा एवढा मोठा कारखानदार झाला की त्याच्या विक्री-दुरुस्तीच्या दुकानाच्या, मॉरिस गॅरेजेसच्या, आद्याक्षरांतून 'एमजी' हे नाव जन्माला आलं. त्याच्याच कंपनीची मॉरिस ऑक्सफर्ड आपल्याकडे येऊन ॲम्बॅसिडर झाली. म्हणजे लाल दिव्याची ॲम्बॅसिडर आणि इंग्रज कॉलेजकुमारांची एमजी या एकाच घराण्यातल्या. हा धागा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. (जून २०१९मध्ये भारतात जी एमजी हेक्टर आली तिचा या घराण्याशी संबंध फक्त नावाचा. नाव तेवढं चिनी कंपनीच्या मालकीचं झालेलं होतं.)

आता बाउडनच्या वायरीतला दोष. जो गुण तोच दोष. आउटर इनरला जपते, म्हणजेच लपवते. वरच्या तोंडातून पाणी आत शिरतं आणि सगळ्यात खालच्या बाकात जाऊन बसतं. तिथे गंज धरतो. बाहेरून काळी नळी नवीकोरी दिसते आणि आत एकेक धागा तुटत चाललेला असतो. रोज वापरातली वायर निदान जड व्हायला लागून कल्पना तरी देते. बॉनेटची वायर वर्षातून चार वेळा ओढली जाते. पाचव्या वेळी मूठ हातात येते.

आणि हातात आली की खरी मजा. वायर बदलायची तर बॉनेट उघडायला हवं, बॉनेट उघडायचं तर वायर हवी. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. सर्व्हरचा पासवर्ड त्याच सर्व्हरवरच्या फायलीत ठेवणारे महाभाग मी पाहिलेत, त्यातलाच प्रकार.

ब्रिटिश स्पोर्ट्सकार बनवणाऱ्यांनी या प्रश्नाची उत्तरं प्रत्येकी वेगळी काढली. जग्वारची ई-टाइप (१९६१) घ्या. तिचं बॉनेट म्हणजे गाडीचं जवळजवळ निम्मं अंग, पुढे बिजागरी, काचेकडून उघडणारं. पहिल्या साधारण ५०० गाड्यांना त्याची कुलपं बाहेरून होती आणि त्यासाठी इंग्रजी टी-च्या आकाराची वेगळी किल्ली लागायची. लोकांना ती कटकट वाटली, मग मुठी आत गेल्या. आज संग्राहक त्याच बाहेरच्या कुलपांच्या गाड्यांना जास्त पैसे मोजतात. कटकट दुर्मीळ झाली की तिला भाव येतो.

ट्रायम्फची टीआर-४ आणि पुढची टीआर-६ यांचंही बॉनेट पुढे बिजागरीवर, खिट्टी काचेपाशी. यात सुरक्षितता आहे. चालत्या गाडीत खिट्टी सुटली तरी वारा झाकण दाबूनच धरतो. मगरछाप बॉनेट सुटलं तर वारा ते उचलून काचेवर आपटतो, म्हणून त्याला आत आणखी एक आकडा लागतो, तोच जो आपण बोटं घालून चाचपडत शोधतो. पण टीआर-६ची वायर तुटली तर खिट्टी इतकी आत की खालून हात पोचत नाही, पुढून पोचत नाही. त्यामुळे जाणते मालक वायर धड असतानाच दुसरी एक गुप्त वायर जोडून ठेवतात.

आणि याच ट्रायम्फने याच काळात सगळ्यात शहाणं उत्तरही दिलं होतं, आणि ते आपल्या देशात आलं होतं! हेराल्ड. मिकेलोत्ती या इटालियनाने आखलेली ही गाडी विलायतेत १९५९ला आली आणि १९६१पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी ती 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून करायला लागली. हिचं बॉनेट म्हणजे दिवे-मडगार्डासकट गाडीचं अख्खं तोंड. दोन्ही बाजूंना, दाराच्या जरा पुढे, बाहेरच एकेक खिट्टी. दोन्ही सोडा, तोंड पुढे कलंडवा, आणि पुढच्या चाकावर बसून आरामात काम करा. वायर नाहीच. हेराल्डचीच चौकट आखूड करून ट्रायम्फने स्पिटफायर ही स्पोर्ट्सकार केली, तिचं तोंडही असंच उघडतं. आमच्या गल्लीत एका बँकवाल्या काकांची हेराल्ड होती. रविवारी सकाळी ते तोंड उघडून बसले की निम्मी गल्ली चहा घेऊन भोवती जमायची. प्रत्येकाला इंजिन दिसायचं, त्यामुळे प्रत्येकाला मत असायचं. बॅटरी चोरीला गेल्याचं मात्र मला आठवत नाही.

इतकी प्रस्तावना ज्यासाठी केली ती गाडी एमजीबी. १९६२ ते १९८०, ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांवर गाड्या झाल्या. आपल्याकडे आयातीवर बंदीच होती, त्यामुळे आल्या त्या हाताच्या बोटांवर, बहुतेक वकिलातींमधल्या साहेबांबरोबर. कोल्हापुरातली ही माझ्या मित्राच्या वडिलांची. ती अशाच एका साहेबाबरोबर आली, लिलावात मुंबईत विकली गेली आणि तिथून १९८०च्या दशकात काकांनी उचलली. नागाळा पार्कातल्या बंगल्यामागच्या शेडमध्ये असायची. शेवटी शेवटी काका फक्त दसऱ्याला पूजा करून तिला फाटकापर्यंत आणायचे आणि परत नेऊन ठेवायचे.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली, पुणे-बंगळूर वाहतूक बंद, आणि आम्ही पुण्यात बसून फोनवर फोन. त्या दिवसांबद्दल नीट लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल. लोकांची घरं गेली, जनावरं गेली, तिथे शेडमधल्या एका जुन्या मोटारीचं काय कौतुक सांगायचं. काकांनीही पहिले दहा दिवस तिचं नाव काढलं नाही. माणसं, घर, शेजारपाजार हे सगळं सावरल्यावर मग एका सकाळी ते शेडमध्ये गेले. पाणी त्यांच्या कमरेच्या वर चढून उतरलं होतं, भिंतीवर रेघ होती. त्यांनी डॅशबोर्डखालची मूठ ओढली. मूठ आली, तिच्याबरोबर वीतभर गंजलेली तार आली. बॉनेट जागचं हललं नाही.

हे नुसतं गैरसोयीचं नव्हतं. इंजिनात पाणी शिरलेलं. सिलिंडरची भिंत ओतीव लोखंडाची, त्यावर पाणी बसलं की पिस्टनच्या रिंगा भिंतीला धरायला लागतात. एकेक दिवस महत्त्वाचा. प्लग काढायचे, पाणी बाहेर घालवायचं, तेल सोडायचं. आणि प्लग बॉनेटखाली. मी त्या शनिवारी पोचलो तेव्हा दोन तरुण मेकॅनिक येऊन गेले होते. एक म्हणाला कटर लावतो, दुसरा म्हणाला पहार घालून उचकटतो. जुन्या एमजीबींचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, सुमारे १९७०पर्यंत तसंच होतं. पहार घातली असती तर पापडासारखं वाकलं असतं, आणि तसलं दुसरं कोल्हापुरात आणायचं कुठून? काका काहीच बोलत नव्हते. हेच जास्त वाईट होतं.

मग उद्यमनगरातून मिस्त्रींना आणलं. सत्तरीच्या पुढचे, गॅरेज मुलाकडे दिलेलं, पांढरा लेंगा, डोळ्याला जाड चष्मा. शिवाजी उद्यमनगर माहीत नसेल त्यांच्यासाठी: फौंड्र्या, लेथ, शेतीपंपांची डिझेल इंजिनं यांचं हे माहेरघर. कोल्हापूरच्या मिस्त्री लोकांना वस्तू उघडून बघायची भारी खोड. बाबूराव पेंटर आपल्याला सिनेमावाले म्हणून माहीत असतात, पण त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव विलायती यंत्रं उघडून-जोडून स्वतःचा सिनेमा कॅमेरा करायला बसले होते. आनंदराव १९१६ला वारले, तेव्हा काम अर्धवट होतं. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८मध्ये तो पुरा केला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२०ला पडद्यावर आला. पुस्तक नाही, नकाशा नाही, विचारायला माणूस नाही. उघडून बघ आणि कर.

इथे अडचण हीच होती की उघडताच येत नव्हतं.

मिस्त्रींनी आधी बॉनेटला हातच लावला नाही. सीटच्या मागचं झाकण काढून बॅटरीच्या तारा सोडल्या. एमजीबीची बॅटरी पुढे नसतेच, सीटमागे असते, नशीब. मग गाडी जॅकवर चढवून खाली लाकडी ठोकळे लावले आणि खालून तेलाचा नट सोडला. पहिल्यांदा आलं ते पाणी. गढूळ, पंचगंगेचं. पाणी जड, ते तळाशी. मग आलं चहाच्या रंगाचं तेल. "हे झालं निम्मं," म्हणाले. मग मला म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या फोनमधी ह्या खिट्टीचा फोटू घावंल का?"

घावला. इंग्लंडातल्या कुणा मालकाने आपल्या गाडीची खिट्टी सोडवून टेबलावर ठेवून काढलेला. बॉनेटच्या पोटाला एक जाड खुंटी, तिच्याभोवती स्प्रिंग. खाली, रेडिएटरच्या पुढच्या आडव्या पत्र्यात एक भोक, आणि भोकाखाली सरकणारी पट्टी. बॉनेट आपटलं की खुंटी भोकात जाते आणि पट्टी तिच्या मानेला धरते. वायर त्या पट्टीला ओढते. मिस्त्रींनी फोटो मोठा करकरून बघितला, खडूने फरशीवर तेवढीच खिट्टी काढली, मग गाडीच्या नाकावर बोटाने ठोकत ठोकत जागा धरली. आवाज बदलला तिथे खडूची फुली मारली.

आधी त्यांनी सोपा उपाय करून बघितला. डॅशबोर्डखाली आउटर जिथून आत येते तिथे ती हॅक्सॉच्या पात्याने जपून कापली, आतली तार उघडी केली, ग्रिप पक्कडीत धरली. ओढली, पण इनर आउटरला गंजून एकजीव झालेली. मी खिशातून डब्ल्यूडी-४०ची बाटली काढली. (हे १९५३ साली अमेरिकेत क्षेपणास्त्रांच्या पत्र्यावरचं पाणी हटवायला बनवलं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नाव ४०. गंजलेली नटं सोडवणं हे त्याचं मूळ काम नव्हेच.) मिस्त्रींनी बाटली बघितली, वास घेतला, परत दिली. "असू दे. पन त्यो आत जानार कुठनं? वायर वाकलीया खाली, गंज तिथंच बसलाय."

मग सळई आली. सहा मिलिमीटरची, हातभर लांब. टोक तापवून आकडीसारखं वाकवलं, आणि वर चिंधी गुंडाळली, रेडिएटरला खरचटू नये म्हणून. मिस्त्री गाडीखाली गेले. त्या वयात. पुढच्या बंपरमागून, रेडिएटरच्या पुढच्या फटीतून त्यांनी सळई वर घातली आणि चाचपडायला लागले. खालून फक्त आवाज येत होता: टक, टक, घस्स्. "घावली," म्हणाले. ओढली. नाही सरकली. परत ओढली. नाही.

"आता वर कोन हाय? साहेब, तुम्ही दाबा. फुलीवर. दोनी तळव्यांनी. ढकलायचं न्हाई, नुसतं वजन द्या."

इथे मला ट्यूब पेटली. स्प्रिंग बॉनेटला कायम वर रेटत असते, म्हणजे खुंटीची मान पट्टीवर घट्ट रुतलेली. गंज त्यात भर घालतो. तुम्ही जितकं बॉनेट वर उचलायला बघाल तितकी पट्टी जास्त आवळते, आणि आमचे दोन्ही मेकॅनिक तेच करत होते. दाबलं की भार सुटतो. आमच्या आजोळच्या वाड्याचं दार पावसाळ्यात फुगायचं, तेव्हा आजी कडी काढायच्या आधी खांद्याने दार आत रेटायची, आणि मग कडी एका बोटाने निघायची. अगदी तेच.

काकांनी फुलीवर तळवे ठेवले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, दहा दिवस पुरात राबलेला. त्यांनी वजन दिलं आणि खालून 'खट्' असा आवाज आला. बॉनेट बोटभर वर उडालं आणि आतल्या आकड्यावर थांबलं. काकांनी फटीत बोटं घातली, न बघता आकडा दाबला, आणि झाकण उचललं. आतून चिखलाचा आणि जुन्या पेट्रोलचा वास आला. एक मेलेला खेकडाही निघाला, कार्ब्युरेटरच्या खाली.

मिस्त्री उठून, पाठ धरून, आत वाकले आणि हसायला लागले. "अवो साहेब, ही तर आपली ॲम्बॅसिडरच की!"

होतीच. ॲम्बॅसिडरचं जुनं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, पण दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच 'बी' मालिकेतली. मॉरिस घराणं. इथे दोन कार्ब्युरेटर, तिथे एक, एवढाच काय तो वरवरचा फरक. मिस्त्रींनी सरकारी ॲम्बॅसिडरची इंजिनं उतरवण्यात चाळीस वर्षं घालवलेली. त्यानंतर त्यांना फोटो लागला नाही की मी लागलो नाही. चारी प्लग काढले, भोकांत डिझेल ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी चौथ्या गिअरमध्ये टाकून आम्ही तिघांनी मागून ढकललं. पहिल्यांदा चाकं नुसती कुरकुरली. दुसऱ्यांदा इंजिन फिरलं, प्लगच्या भोकांतून काळं पाणी बॉनेटच्या पोटावर उडालं, आणि काकांनी मान वळवून चष्मा पुसला.

गाडी चालू व्हायला पुढे दीड महिना लागला. कार्ब्युरेटर, डायनॅमो, वायरिंग, ते सगळं सांगत नाही. त्या वर्षीच्या दसऱ्याला ती फाटकाबाहेर, कोपऱ्यापर्यंत जाऊन आली.

बॉनेटची नवी वायर मागवायची तर विलायतेहून. मिस्त्री म्हणाले, कशाला. त्यांनी स्कूटरच्या क्लचच्या दोन वायरी आणल्या, पितळी टोकं कापून झाळून बसवली. एक मुठीला जोडली. दुसरी सरळ खिट्टीच्या पट्टीवरून खाली, बंपरच्या मागे, चिखल लागणार नाही अशा कोपऱ्यात आणून तिला नटाची कडी करून ठेवली. कुठे आहे ते काकांना, मित्राला आणि मला दाखवलं, आणि "हितं कुनाला सांगू नका" म्हणाले. म्हणून कोपरा कुठला ते लिहीत नाही.